न फुटलेलं वांगं

प्रभाकरराव बोलले. मात्र त्या दुपारी घरातली माणसं असं काही झालंच नाही अशा थाटात वावरत होती, तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू.

निशांत वांग्याला भोक पाडत होता. देठाच्या बाजूनं पेचकस घालून, गर बोटानं बाहेर काढून, त्यानं आत एक फटाका बसवला आणि वात बाहेर ठेवली. फटाके दिवाळीसाठी आणलेले होते. दिवाळीच्या तोंडावरच त्याच्या वडिलांना, प्रभाकररावांना, झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि फटाके कपाटातच राहिले. आता उन्हं तापू लागली होती आणि ते भाजीपाल्यात घालून संपवणं चाललं होतं.

"बी नाई त्याच्यात जास्त," त्याची आई, मंदाबाई, म्हणाल्या. "चांगलं भरीत झालं असतं."

"फुटल्यावर करजो न."

"परवाच्याचं केलं तं मी. बारूद लागे दाताले."

निशांतचा रोहण्याच्या चौकात फोटो स्टुडिओ होता. लग्नं ड्रोनवाल्यांनी नेली, बारशी मोबाईलनं नेली. उरलेल्या रिकाम्या वेळात त्यानं श्रीखंडाच्या डब्यात एक यंत्र बसवलं. जुन्या फोनमधला माईक, चार तारा आणि लग्नांच्या काळातला एक फ्लॅश. अंधार करायचा, कॅमेरा उघडा ठेवायचा. आवाज झाला की डबा तो ऐकतो, फ्लॅश पाडतो, आणि त्या लखलखाटात फुटती वस्तू हवेतल्या हवेत पकडली जाते. माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही, ते डब्याच्या कानाला दिसतं, असं निशांत सांगायचा. ऐकणारे मान हलवून पासपोर्टचे फोटो घेऊन जायचे.

मग एकदा रात्री अंगणात टमाटं फोडताना, खुर्चीत बसवलेल्या प्रभाकररावांची डावी भुवई वर गेली.

झटक्यानंतर त्यांच्यात आपणहून हललेली ती पहिली गोष्ट. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, बोलत राहा, काही ना काही दाखवत राहा. हे वर्ष हातचं गेलं तर पुढे कठीण आहे. मंदाबाईंनी बोलून पाहिलं होतं. गावातल्या सगळ्या बातम्या संपल्या, मग नातेवाइकांची जुनी भांडणं संपली, शेवटी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, मागच्या पानावरच्या पित्तावरील उपायांसकट. प्रभाकररावांनी छताकडे पाहत सारं सोसलं. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय नसते. ती त्यांना या वयात लागली.

तेव्हापासून भाजी बाहेर फुटेना, त्यांच्याच खोलीत फुटू लागली. खिडकीला शेतातला काळा प्लास्टिकचा कागद लावला. कॅमेरा शिलाई मशीनवर ठेवला. पुढे वस्तू आणि मागे भिंतीशी, दूर, खुर्चीत बाबा. भुवईचा फोटो डॉक्टरीणबाईंना दाखवता यावा, ही निशांतच्या बायकोची, लीनाची कल्पना. ती आर्वीला पंचायत समितीत कारकून, त्यामुळे पुराव्याशिवाय तिचा जीव रमत नसे. सारं घर एका भुवईसाठी राबत होतं. भिंतींवर बिया होत्या. खिडकीच्या चौकटीत टमाट्याचं रोप उगवलं होतं आणि त्याला पाणी कोण घालतं, हे कुणी विचारत नव्हतं. पण भुवईच्या पुढे गाडी जात नव्हती, आणि सगळे थकले होते.

"कापूस," निशांत म्हणाला.

बंद खोलीत फटाका कानठळ्या बसवी. कापूस घरच्याच शेतातला. मंदाबाई सरकी काढून, वाती वळाव्यात तशा हातावर गोळ्या वळत. आधी नवऱ्याच्या कानांत, जपून, अंगठ्यानं दाबत; मग स्वतःच्या, मग लीनाच्या, शेवटी निशांतच्या. हे इतक्यांदा झालं होतं की निशांत आपणहून मान तिरपी करायचा.

"बाबा, आता वांगं हाये जी," लीना मोठ्यानं म्हणाली. कापूस घातल्यावर म्हणाली, म्हणजे ते तिलाही नीट ऐकू आलं नाही.

दिवा गेला. निशांतनं उदबत्ती वातीला लावली, मशीनपाशी सरकून कॅमेरा उघडला आणि श्वास धरला. वातीची ठिणगी अंधारात सरपटू लागली.

फ्लॅश पडला.

आवाज नाही. नुसता पांढरा उजेड, आणि पुन्हा काळोख. ठिणगी तशीच पुढे गेली आणि मग कुठे कापसाआडून दबका धडाका आला. वांगं अंधारातच फुटलं, कुणाच्याही कामी न येता.

निशांतनं दिवा लावला. कानातला कापूस उपसून फेकला.

"कोण शिंकलं?"

"काय?" मंदाबाईंनी एका कानातला बोळा काढला.

"कोण शिंकलं म्हणतो मी! फ्लॅश आधीच पडला."

"मी तं श्वासही नाई सोडला बाप्पा. लीना खोकलली असंन."

"मी काऊन खोकलू? तुमचा डबाच बिघडला."

"डबा नाई बिघडत. आवाज झाल्याशिवाय फ्लॅश पडतच नाई."

"मंग भूत बोललं असंन," मंदाबाई म्हणाल्या आणि प्रभाकररावांच्या सदऱ्यावरचा गर पुसू लागल्या. भुवई जागच्या जागी होती.

निशांतनं चिडून कॅमेरा पाहिला. पुढे अखंड वांगं, टवटवीत, वात अर्धी जळलेली. भाजीच्या दुकानात लावावा असा फोटो. पुसून टाकायला त्यानं अंगठा नेला आणि तो तिथंच थांबला.

मागे, खुर्चीत, बाबांचं तोंड उघडं होतं. एरवी लाळ गळताना असायचं तसं वाकडं नाही. हनुवटी पुढे, गळ्याची शीर ताणलेली, ओठ एखाद्या अक्षरापाशी गोळा झालेले.

त्यानं काही न बोलता कॅमेरा लीनाच्या हातात दिला. लीनानं पाहिलं आणि मंदाबाईंकडे दिला. मंदाबाईंनी तो दूर धरला, जवळ धरला.

"मले हाक मारली त्यायनं," त्या म्हणाल्या. "मंदे म्हटलं."

"ओठ उघडे हायेत, आई," निशांत म्हणाला.

"मं म्हटल्यावर उघडतेच न!"

"पाणी मागतलं असंन," लीना म्हणाली आणि पेला आणायला गेली. प्रभाकरराव अर्धं पाणी प्याले, अर्धं गळ्यावरून गेलं. त्यावरून काही सिद्ध होईना. पाणी ते नेहमीच असंच पीत.

निशांतनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा बाबांच्या जागी नुसते चौकोन उरले.

"'पुरे' म्हटलं असंन," तो हळूच म्हणाला.



मंदाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या कानांतल्या गोळ्या एकेक करून काढल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. मग तिघंही खुर्चीसमोर खाली बसले. पंखा बंद केला. मंदाबाईंनी हातातल्या बांगड्या वर सारल्या, वाजू नयेत म्हणून. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी प्रभाकररावांशी बोलत नव्हतं, वाचत नव्हतं, काही फोडत नव्हतं. नुसतं ऐकत होतं.

स्टँडवर यष्टीनं भोंगा दिला. डब्यानं तो इमानानं ऐकला आणि फ्लॅश पडला. तिघंही दचकले. प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले, आणि थोड्या वेळानं त्यांचा श्वास जड झाला. झोप लागली असावी.

"उठवू का?" निशांतनं विचारलं.

"झोपू दे," मंदाबाई म्हणाल्या. "दमले असतीन बोलून."

लीना मात्र हलली नाही. ऑफिसात फार दमल्यावर तिचा आवाज जसा सपाट व्हायचा, तसाच तो झाला, आणि सासऱ्यांच्या पायांपाशी बसून ती कागदाविनाच म्हणू लागली:

"माननीय प्रभाकरराव यांचे सेवेशी. विषय, आज दुपारी उच्चारलेला शब्द पुन्हा मिळणेबाबत. महोदय, सदर शब्द उच्चारतेवेळी कुटुंबातील सर्व सदस्यांच्या कानांत कापूस असल्याने तो कोणासही प्राप्त झालेला नाही. तरी सदर शब्दाची दुय्यम प्रत, मूळ आवाजात, आपल्या सोयीनुसार देण्यात यावी, ही नम्र विनंती."