शेपटीचं पातं

१८९६ च्या फाल्गुनात नौपाड्याच्या हरिहर गुप्त्यांनी घरी बांधलेलं उडतं यंत्र, स्वतः त्यात बसून, पारसिकच्या डोंगरउतारावरून सोडलं. परत जमिनीला टेकेपर्यंत त्यांना आपण मरणार याची खात्री वाटत होती.

यंत्र बांबूचं, वर मांजरपाट. इंजिन नाही, वाऱ्यावर तरंगायचं. शेपटीला बिजागऱ्यांवर हलणारं पातं होतं, दोऱ्यांनी हातातल्या दांडीला जोडलेलं. त्यानेच यंत्राचं नाक वर-खाली व्हायचं. वेग वाढला तशी दांडी आधी नुसती थरथरली, मग पिसाळल्यासारखी हातात नाचू लागली. मागून भयंकर फडफड, सगळा सांगाडा करकरला. हरिहर भाताच्या खाचरात आपटले. खांदा निखळला.

"आता पुरे," बायको उत्तरा म्हणाली. कापड तिनेच शिवलं होतं. "ती फडफड मला खालपर्यंत ऐकू आली हो."

"कारण कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"मग जमिनीवर शोधा."

खांदा बरा झाल्यावर त्यांनी यंत्र दुरुस्त करून उतारावरच खुंट्यांना बांधलं, तोंड वाऱ्याकडे. ओळखीचा परशुराम कोळी दोर धरायला आला, उत्तराही सोबत होती. हरिहरांनी बिजागऱ्या बदलल्या, ढिल्या दोऱ्या ताणल्या. खाडीवरून जोराचा झोत आला की पातं पुन्हा थरथरायचंच.

मध्येच वारा पडला. त्यांनी पात्याची दोरी सैल सोडली, तर पातं धपकन खाली लोंबलं.

"अगं, मागची कड जड आहे!"

मजबुतीसाठी तिथे त्यांनीच जाड पट्टी लावली होती. पातं जरा हललं की तिचं वजन त्याला आणखी रेटत होतं. पट्टी काढून त्यांनी हलकी कामटी लावली. बिजागरीपुढे काठी काढून तिला परशुरामच्या जाळ्याची शिशाची वजनं बांधली, सोडलेलं पातं आडवं राहीपर्यंत. पुढच्या झोतात ते हललं नाही.

"इथे थांबलं म्हणून वर थांबेल कशावरून?" उत्तराने विचारलं.

हरिहरांनी वजनांच्या गाठी आणखी आवळल्या. वैशाखात ते पुन्हा त्याच उतारावरून सुटले. वेग वाढला. दांडी आता नाचेल, आता नाचेल म्हणून त्यांनी श्वासच घेतला नाही. झाडांचे शेंडे पायांखालून गेले. दांडी गप्प होती, यंत्र खाचरात अलगद टेकेपर्यंत.

उत्तरा धावत आली तेव्हा ते बांधावर बसून ओकत होते.

"लागलं का कुठे?"

"नाही गं. भ्यालो होतो फार."

तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि शेजारी बसली.