कंदीलवालीचे डोळे

"हिचे डोळे कोणी काढले?"

"मीच काढले," ताई म्हणाली. "तू फोडलेच होतेस."

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. धाकटी खिडकीशी उभी होती. तिच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती आणि रंगवताना धरायला सोपं जावं म्हणून बाटलीच्या झाकणावर अंगठ्याएवढी एक प्लास्टिकची म्हातारी चिकटवलेली होती. म्हातारीच्या एका हातात भाला, दुसऱ्यात कंदील. टेबलावर मोहरे मांडून खेळायच्या लढाईत ही कंदीलवाली धाकटीच्या फौजेची म्होरकी होती. काल सकाळपर्यंत तिचा एक डोळा शत्रूकडे आणि दुसरा आकाशाकडे होता. आता दोन्ही डोळे सरळ समोर बघत होते. शिवाय कंदिलाच्या बाजूच्या गालावर पिवळसर उजेड पडला होता. खिडकीतलं ऊनच पडलंय असं वाटून धाकटीने बाटली फिरवून पाहिली. उजेड गालावरच राहिला.

"केव्हा केलंस हे?"

"काल तुझी ड्यूटी होती ना, तेव्हा. म्हटलं, काम ते केवढंसं!"

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? मला बघवेना. आज चारचौघांत मांडणार होतीस ते ध्यान?"

ताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. धाकटीने पन्नाशी ओलांडली होती, तरी घरात आणि शेजारीपाजारी ती धाकटीच होती. लहानपणी शाळेत तिच्या घोड्याच्या चित्राला बक्षीस मिळालं होतं. घोडा ताईचा होता; गवत तेवढं धाकटीचं. पुढे तिचे अर्धवट विणलेले स्वेटर ताईने पुरे केले, अर्धवट बोललेली वाक्यं ताईने पुरी केली. एकदा एका माणसाला नकार कळवायचा होता, तोही ताईच कळवून आली. द्यायचा की नाही, हे धाकटीचं अजून ठरत होतं.

यात ताईच्या मनात वाईट काही नसे. तीच खरी अडचण होती. भांडणार कशावरून?

धाकटी रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, तपासून, वाफेच्या यंत्रात घालण्यासाठी कापडात बांधून द्यायचं काम करायची. तिथल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने तिला या नादाला लावलं. स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी खेळ जमायचा, आणि एक गडी कमी पडत होता. "मावशी, तुमचा हात बारीक कामाचा. या की," तो म्हणाला.

हात बारीक कामाचा होता खरा, पण रंगाला बसलेला नव्हता. पहिल्या शिपायाला तिने बाटलीतला रंग तसाच घट्ट फासला. नाक-डोळे बुजून तो तोंडाला बँडेज बांधल्यासारखा दिसू लागला.

"मावशी, याला श्वास तरी घेऊ द्या," ड्रायव्हर म्हणाला. "रंग पातळ करा, दुधासारखा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या."

पातळ केला, तर तो ढालीवरून ओघळून बुटात उतरला. ब्रश आधी कागदावर टिपून घ्यायचा असतो, हे तेव्हा कळलं. मग कोपरं बरगड्यांना टेकवायची, मनगटाला मनगट लावायचं आणि श्वास सोडून झाला की मगच टोक टेकवायचं, हेही हळूहळू कळलं. झग्यावर गडद पाणीदार रंग सोडला की तो आपणच घड्यांत जाऊन बसतो आणि घड्या खोल दिसतात. हे कंदीलवालीच्या झग्यावर पहिल्यांदा साधलं, त्या दिवशी ती स्वतःशीच हसत बसली आणि बसमधून उतरायची विसरली.

डोळे मात्र येत नव्हते. सगळे सांगत, डोळे सोडून द्या, नुसती सावली ठेवा, एवढ्या लांबून कोणाला दिसतात?

"मला दिसतात," धाकटी म्हणायची.

आज मात्र तिने म्हातारी बाटलीवरून सोडवली. कंदीलवालीला डब्यात घातलं आणि निघाली.

दुकानात ड्रायव्हरने डबा उघडला आणि शिट्टीच वाजवली. "मावशी! हात बसला की तुमचा!"

दुकानवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवून म्हातारी डोळ्यांजवळ धरली. "हा उजेड कसा आणलात हो? ही मी काचेच्या कपाटात ठेवणार. खाली नाव लिहिते. पूर्ण नाव काय तुमचं?"

धाकटीला पूर्ण नाव कोणी विचारून बरेच दिवस झाले होते. सांगून टाकावं, असं तिला वाटलं. तिने तोंडही उघडलं.

"डोळे माझे नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बहिणीने काढलेत. उजेडही तिचाच."

ड्रायव्हर हसला. "एवढंच ना? अहो, माझ्या ढालींवरची नक्षी बायकोची आहे. कोण विचारतंय? झगा तर तुमचा आहे ना!"

धाकटीने बाईंच्या हातून कंदीलवाली परत घेतली. रुग्णालयात तिच्या खात्यात एकदा बांधलेलं हत्यारांचं गाठोडं कोणी मधेच उघडलं, तर त्याने ते कितीही सुबक परत बांधलेलं असो, चालत नाही. सोडायचं, धुवायचं, पुन्हा पहिल्यापासून. नव्या मुली कुरकुरत. धाकटी त्यांना सांगे, "आता याची हमी मला देता येत नाही. म्हणून."

"स्पिरिट आहे का?" तिने विचारलं. "आणि एखादा जुना टूथब्रश?"

ड्रायव्हरच्या लक्षात आलं. "मावशी, वेड लागलंय का? आज बिनरंगाचा मोहरा चालणार नाही, ठरलंय आपलं. म्होरकी नसली तर फौज पहिल्या फेरीतच पळते!"

"पळू दे."

बेसिनपाशी उभं राहून तिने घासायला घेतलं. आधी उजेड गेला, मग डोळे. नुसता चेहरा धुता येईना. स्पिरिट ओघळून झग्यावर गेलं आणि घड्यांतला गडद रंग त्याच्याबरोबर वाहू लागला. तो तिचा होता. तरी हात थांबला नाही. शेवटी करड्या प्लास्टिकची उघडी म्हातारी तेवढी उरली.

फौज खरंच पहिल्या फेरीत पळाली. ड्रायव्हर नंतर तिच्याशी धड बोलला नाही.

"काय म्हणाले?" ताईने दारातच विचारलं.

"केवढं कौतुक केलं. कपाटात ठेवत होते."

"बघ! मी म्हटलं नव्हतं..."

धाकटीने डबा उघडून म्हातारी टेबलावर ठेवली. ताईने ती उचलून फिरवून पाहिली.

"खरवडलंस?"

"धुतलं."

"भिंग धरून केलं होतं मी ते. मान धरली होती माझी."

"माहीत आहे. सुंदर होतं."

"मग?"

"सुंदर होतं आणि माझं नव्हतं."

"अगं, पण तुला नाही जमत ते. जन्मभर बघतेय मी."

"नसू दे जमत. न जमलेलं माझं असू दे. तुझ्या जमलेल्यात मी किती दिवस राहू, ताई?"

ताईने खुर्ची ओढली आणि ती समोर बसली. धाकटीने खिडकीतल्या उजेडात चेहऱ्याला कातडीचा रंग दिला, वाळू दिला, दुसरा हात दिला. मग सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि कोपरं बरगड्यांना टेकवली. टेबलापलीकडून ताईचा हात आपोआप पुढे आला.

"ताई, हात."

ताईने हात मागे घेऊन काखेत धरला. ठिपका टेकला.

"वाकडा आला," ताई म्हणाली.

"आला."

"पुसून टाक. मी..."

"ताई."

दुसरा ठिपका टेकला. ताई चष्म्यावरून वाकून बघू लागली. तिला खोटं बोलता येत नसे.

"दोन्ही वाकडे," ती म्हणाली. मग नाइलाजाने, "पण एकाच बाजूला बघतायत."

धाकटीने मान वर न करता ब्रश बुडवला.

"मग मी काय करू?" ताईने विचारलं.

"पाणी गढूळ झालंय. बदलून आण."

ताई उठली. तिने पेल्यातलं पाणी ओतलं, मग पेला विसळला, पुन्हा विसळला, भरून आणला. पण ठेवायचा कुठे ते तिला सुचेना, म्हणून ती तो हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी धाकटीने खालमानेनेच टेबलावरचं फडकं थोडं बाजूला सरकवलं.