अक्कांच्या हातावरचा उजेड

“अंधार पुरता होऊ दे, मग बोट हलव. अर्धवट अंधारात उजेड देणं म्हणजे पाहुणे दारात उभे असताना केर काढणं.”

मामाचं हे सांगणं भिंगरीच्या कानात इतकं मुरलं होतं, की घरातला साधा दिवा लावतानाही ती क्षणभर थांबायची. मामा नाट्यगृहात प्रकाशयोजना करायचा. शाळा सुटली की ही त्याच्या शेजारच्या स्टुलावर हजर. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरच्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलेलं, पण दिव्यांच्या बोर्डासमोर बसली की ती अशी निश्चल व्हायची, की मामा म्हणायचा, “देवापुढची वात हलेल, पण ही पोर हलायची नाही.”

आज मात्र बोर्डासमोरही तिचा पाय हलत होता. नव्या नाटकाची रंगीत तालीम होती, आणि उद्या संध्याकाळी तिला हव्या असलेल्या दूरच्या नाट्य महाविद्यालयाची प्रवेशाची लवकरची फेरी बंद होणार होती.

गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. लवकरच्या फेरीत एकाच ठिकाणी अर्ज करायचा. त्यांनी घेतलं तर जायचंच, मागे फिरायचं नाही. आणि नाही म्हणाले तर यंदापुरतं ते दार बंद. नेहमीच्या फेरीत पाच ठिकाणी अर्ज करता येत होते, कामाला हिवाळाभर वेळ मिळत होता. पण प्रकाशयोजनेच्या वर्गात मुलं घेतात मोजकी, आणि त्यातली बरीचशी लवकरच्या फेरीतच घेऊन टाकतात.

आई औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिचं म्हणणं सरळ होतं. “चपला घ्यायच्या तर चार दुकानं पालथी घालतेस. आणि आयुष्याची चार वर्षं पहिल्याच दुकानात देऊन मोकळी होणार?”

“चपला चावल्या तर बदलता येतात गं आई.”

“तेच तर म्हणतेय मी!”

पण खरी अडचण आईची नव्हती. अर्जासोबत स्वतः योजलेला एक प्रसंग पाठवायचा होता, चित्रित केलेला. आणि भिंगरीने आजवर जे केलं ते मामाने आखलेलं. बोटं तिची, डोकं त्याचं.

“त्यात काय? माझा एखादा प्रसंग दे, वर तुझं नाव घाल,” मामा म्हणाला होता. “बिल थोडंच फाडणार आहे मी?”

“मामा, तिथे जाऊन मी रोज कुणाच्या नजरेला नजर देऊ?”

मामा तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “तुझ्या आजीवर गेलीस. आता भोग.”

तालीम सुरू झाली. दिग्दर्शकाने नेहमीप्रमाणे मागे कॅमेरा लावून ठेवला होता. कामावरून परस्पर आलेली आई शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. पहिला अंक रंगला, आणि शेवटच्या वाक्यावर भिंगरीने सगळे दिवे हळूहळू उतरवत आणले. आता काळोख व्हायचा. त्या काळोखात अक्कांनी माडीच्या पायऱ्या उतरून खाली खुर्चीत येऊन बसायचं, आणि मग दुसरा अंक उजळायचा.

अक्का नाटकातल्या सगळ्यांत जुन्या कलाकार. गुडघे कुरकुरत होते, पण तसं बोललेलं त्यांना खपत नसे. कुणी हात पुढे केला तर म्हणायच्या, “मला धरतोस की स्वतः पडतोयस?”

काळोख होत आला. आणि त्यात भिंगरीला ऐकू आलं – अक्कांचा तळवा भिंत चाचपतोय. पाऊल पुढे येतंय, पायरी सापडत नाही, मागे जातंय. मामाचं वाक्य कानात होतंच. पण बोट आपसूक हललं. खिडकीमागचा एक छोटासा दिवा तिने अगदी नखभर वर घेतला.

उजेड कठड्यावर पडला. फक्त कठड्यावर. अक्का दिसत नव्हत्या, पायऱ्या दिसत नव्हत्या. दिसत होता तो एक म्हातारा हात, कठड्यावरून सरकत खाली येणारा. मध्येच थांबला. कठडा घट्ट धरला. पुन्हा सुटला. भिंगरीचं बोट त्या हाताच्या चालीने चाललं, हात थांबला की थांबलं. हात खुर्चीपर्यंत आला तसा तिने तो दिवाही अलगद विझवला.

आता बोलणी बसणार, म्हणून तिने मान खाली घातली.

“हे कुणी सांगितलं होतं?” अंधारातून दिग्दर्शक ओरडला.

“कुणी नाही. अक्का पडतील असं वाटलं, म्हणून–”

“पडेल तुझी सासू!” अक्का रंगमंचावरून कडाडल्या. मग आवाज खाली आला. “पण पोरी, तो हात माझाच होता ना? मलाच बघत राहावंसं वाटलं गं.”

“राहू दे ते! प्रयोगात तसंच राहू दे!” दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता.

मामा तिच्याकडे वळला. “मी असतो तर पुरता काळोख केला असता,” तो सावकाश म्हणाला. “हे माझं नाही. हे तुझं आहे.” आणि मग एकदम उठून, “कॅमेरा चालू होता का रे? चालू होता ना? बंद करू नका!”

भिंगरी खुर्च्यांच्या मधून धावत सुटली ती थेट शेवटच्या रांगेत. “आई! माझा प्रसंग मिळाला! आजच पाठवू? तुझी सही लागेल.”

आई डोळे पुसत होती, पण गडी सहजासहजी हरणारा नव्हता. “थांब. आधी मला त्या बाकीच्या चार कॉलेजांची नावं सांग.”

“एक ते नदीकाठचं. दुसरं... ते नाही का, मोठा जिना असलेलं. तिसरं–” भिंगरी अडखळली. महिनाभर रोज तोंडी असलेल्या नावांतलं एकही नीट आठवेना. “चौथं होतं गं काहीतरी चांगलं!”

आईला हसू आवरेना. “झालं. ज्यांची नावंही डोक्यात राहिली नाहीत, तिथे काय पाठवायचंय तुला? सही कुठे करायची ते दाखव. आणि उद्या रडत आलीस तर मी दुकान बंद आहे म्हणून सांगेन!”

मग रंगपटातल्या आरशासमोर, फोनवरून अर्ज गेला. अक्कांनी तिचा गालगुच्चा घेतला, दिग्दर्शकाने चहा मागवला, आई दोनदा देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा हसली. निकाल यायला अजून वेळ होता, पण भिंगरीला वाटत होतं, आपण आत्ताच वाटेला लागलो आहोत.

निघताना मामाने तिला विंगेत बाजूला घेतलं. “हे नाटक चाललं तर वर्षानुवर्षं चालेल. तू तिकडे असशील. मग तो हात कोण उजळणार?”

“मामा, तूच की.”

“मी अक्कांचा हात मनात आणून दोनदा करून बघितलं, सगळे चहा पीत होते तेव्हा. माझं बोट पुढे पळतं.” तो जरा ओशाळला. “मला शिकव. पण कुणाच्या देखत नको. मी शिष्य झालोय हे कळलं, तर दिग्दर्शक मला चहा आणायला धाडेल.”

“उद्या सकाळी,” ती म्हणाली. “कुणी यायच्या आत. शब्द दिला.”

सकाळी आई अजून गाढ झोपेत होती. भिंगरीने चपला हातात घेतल्या, कडी आवाज न करता सरकवली आणि रिकाम्या रस्त्याने ती नाट्यगृहाकडे चालू लागली.