कळ गेली, तर सांगा

दुखणे बोलून दाखवणाऱ्याला घाबरट म्हणायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावर उभा जन्म काढलेले अप्पाराव तर या खोडीचे मुकुटमणी! दुकानाच्या पायरीवरून घसरून उजवे मनगट मोडले, तरी दवाखान्यात जाताना ऑटोवाल्यालाच धीर देत बसले होते, "कुछ नहीं हुआ मियाँ, आराम से चलो."

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ मेधाताईंनी बजावले, "काका, तुम्हाला झोपवणार नाही. खांद्याजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करू. हातात विजेसारखी कळ गेली, तर लगेच सांगा."

"सांगतो की," अप्पाराव म्हणाले आणि मनात हसले. सुईला भ्यायला ते काय लेकरू होते?

सुई आत गेली आणि अंगठ्यापर्यंत अशी झणझणीत कळ उठली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अप्पारावांनी दातांवर दात रोवले, पण हूं की चूं केले नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या चित्रावरून मेधाताईंची नजर त्यांच्या चेहऱ्याकडे गेली. त्यांनी सुई तत्काळ मागे घेतली.

"कळ गेली ना?"

"जाऊ द्या हो डॉक्टरसाब. सोसतो मी. तुम्ही परेशान नका होऊ."

"सोसू नका, काका! पडद्यावर मला नस दिसते, तुमची कळ दिसत नाही. तिथंच औषध सोडलं असतं आणि नसेला इजा झाली असती, तर हा हात महिनोन्महिने कात्री धरू शकला नसता."

अप्पाराव चरकले. गिऱ्हाइकापुढे तागा उलगडणारा हातच गेला, तर दुकानात बसून करायचे काय? त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अजून एक सांगायचं राहिलं. शुगरमुळं या बोटांना वर्षभरापासून मुंग्या येतात. घरी बी कुणाला बोललो नाही."

"अहो, हे तर मला आधी कळायला हवं होतं! शुगरनं नसा आधीच नाजूक झालेल्या असतात."

मेधाताईंनी एकेक बोट तपासले, धोका पुन्हा समजावून सांगितला आणि अप्पारावांच्या संमतीने औषधाचे प्रमाण कमी ठेवले. या खेपेला अप्पाराव सुईगणिक बोलत राहिले, "आता दाब वाटतोय. कळ नाही."

शस्त्रक्रिया पार पडली आणि दुसऱ्या दिवशी भूल उतरली. पाचही बोटे हलत होती.

"दुखतंय का हो?" उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी सवयीने विचारले.

"हो. लई दुखतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते. बिचाऱ्या आधी दचकल्या, मग लगबगीने नर्सला बोलवायला धावल्या.

वाचकहो, संसारात सोसायचे प्रसंग पुष्कळ येतात, तिथे खुशाल सोसा. डॉक्टरांपुढे मात्र तोंड उघडा! आपल्या अंगातली कळ आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळायची नाही.