दक्षाच्या अंगणातली वाळवणीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी वाळवणीची पेटी आहे. तसे माझे वय फार नाही; पण वापरात नसलेली वस्तू लवकर जुनी होते.

तलासरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या दक्षा आणि अमृतने मला वेवजी गावात, दक्षाच्या अंगणात बनवले. लाकडी फळ्या, आत जाळीचे ट्रे, वर तिरकी काच. दक्षाची आई बायजी टेम्पोने नरपडच्या वाडीत चिकू तोडायला जाई. मार लागलेले चिकू तिथे वाया जात. त्यांच्या चकत्या वाळवून विकायच्या, अशी या दोघांची योजना होती. विद्यार्थ्यांच्या उद्योग-स्पर्धेत ती मांडायची होती. स्पर्धेतल्या संघांना मार्गदर्शन करणाऱ्या निलमताई दर रविवारी डहाणूहून येत, अगदी आपखुशीने.

पहिल्या चकत्या काळ्या पडल्या. दक्षा रडवेली झाली. ताई म्हणाल्या, "रडू नकोस. का काळ्या पडल्या, ते शोध." दक्षाने पातळ कापून पाहिल्या, मला उन्हाकडे तोंड करून ठेवले. पुढच्या चकत्या अख्ख्या पाड्याने चाखल्या. त्या दिवशी मला हळदकुंकू लागले.

मग हिवाळ्यात जमीन हादरू लागली. माणसे थंडीत घराबाहेर निजू लागली. एका धक्क्याला भिंत कोसळली आणि बायजीचा पाय चिरडला. माझी काचही तडकली, पण तिकडे बघायला सवड कोणाला होती? दक्षा कॉलेज सोडून सीमेपलीकडे, गुजरातेतल्या कारखान्यात कामाला जाऊ लागली.

निलमताई धावत आल्या. "दक्षा, एवढी स्पर्धा तरी कर. मी आहे ना."

"ताई, आईला उठता येत नाय. मी कामावर नाय गेले तर चूल कशी पेटंल?"

ताईंनी आयोजकांकडे मुदत मागितली, मिळाली नाही. अमृत एकटाच मुंबईला गेला. "धंदा सांभाळणार कोण?" असे परीक्षकांनी विचारले, आणि तो हात हलवत परतला. पुढे ताईंकडे वरोरची नवी टीम आली. निरोप घेताना त्या दक्षाला म्हणाल्या, "मी फोन करीन हं."

पावसाळ्याच्या तोंडावर दक्षाने माझ्या फळ्या उचकटल्या आणि भिंतीच्या भगदाडावर ठोकल्या. मध्येच थांबून तिने फळी धरून उभ्या असलेल्या अमृतला विचारले, "तुला तरी ताईंचा फोन आला?"

"नाय."

ती पुन्हा खिळे ठोकू लागली.

आता मी अर्धीच उरले आहे. माझ्यात कोंबड्या बसतात. मित्रांनो, मला पुन्हा जोडा, असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या अंगणात जाऊन त्याला स्वप्न दाखवलेत, तर स्पर्धा संपल्यावरही एकदा त्या अंगणात या. काही आणू नका. "कशी आहेस?" एवढेच विचारा.