डोलकाठीवरची भारलेली फीत

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कालपर्यंत ज्या शिडाच्या होडीवर पाणकावळ्यांची शाळा भरायची, तिच्यावर आज एकही पक्षी नव्हता. डोलकाठीला बांधलेली चंदेरी फीत फडफडत होती आणि खाली ती पक्षी पळवायला मंत्रून बांधणारा फीतबाबा डोळे मिटून उभा होता. डोळे मिटलेले, तरी कोण किती वाकतंय ते त्याला बरोबर दिसत होतं.

“या फितीत सात समुद्रांचा वारा कोंडलाय,” तो म्हणाला. “हात लावाल तर निघून जाईल.”

“कोंडलेला वारा फडफडतो कसा?” वहिनी पुटपुटली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. होडी तिच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून बांधलेली. नवरा गेल्यावर त्याच्या हातचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि दर सुट्टीला ती जाऊन होडी घासायची.

आठवडा सरला नाही तोच पाणकावळे परतले. फितीच्या शेजारीच पंख पसरून वाळवत बसले आणि गुंडाळलेलं शीड पुन्हा घाणीने बरबटलं. दुसरा कुणी असता तर त्याची बोबडी वळली असती. बाबाने सरळ वहिनीकडे बोट दाखवलं.

“हिचा अविश्वास होडीला बाधतोय. हिला लांब ठेवा.”

दीर मान खाली घालून म्हणाला, “वहिनी, काही दिवस होडीवर येऊ नका.”

“काही दिवस म्हणजे कधीपर्यंत?”

“बाबा सांगतील तोवर.”

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन तिने डब्यांची दोन जुनी झाकणं घेतली, भोकं पाडून दोरीत ओवली, आणि सगळ्यांदेखत होडीवर चढली.

“पाप लागेल,” बाबा गरजला.

“लागू दे. पक्ष्यांची घाण घासते, त्यातच तेही घासून टाकीन.”

तिने झाकणं टांगली. ती वाऱ्याने खणखणली, उन्हात चमकली आणि पाणकावळे भुर्रकन उडाले.

“पाहा, माझ्या फितीचा प्रभाव,” बाबा लगेच म्हणाला.

“इतका उशिरा? वाट चुकला होता का?” वहिनीने विचारलं. लोक हसले. “अहो, नवीन काही चमकलं, हललं की पक्षी बिचकतात. रोज तेच त्याच जागी दिसलं की भीड चेपते. माझी झाकणंही आठवड्यात निकामी होतील. म्हणून जागा बदलायची, शीड झाकायचं, पक्षी बसतात तिथे वर बारीक तार ताणायची. हा मात्र हात लावू नका म्हणतो. म्हणजे फीत हमखास फसणार, आणि खापर घरातल्याच कुणावर तरी फुटणार.”

गर्दीतला एक होडीवाला पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“आमच्याकडेही बाबाने आईचा दोष काढला होता,” तो म्हणाला. “मी तिला बहिणीकडे पाठवून दिलं.”

“मग पक्षी गेले?”

“नाही.”

आता कुणी हसत नव्हतं. बाबा केव्हाच सटकला होता. दिराने वर चढून फीत ओरबाडून काढली.

“पाणकावळासुद्धा जवळ बसून खात्री करून घेतो,” वहिनी म्हणाली. “तुम्ही न विचारता आईला घराबाहेर काढलंत. यापुढे कुणी हात लावू नका म्हटलं, की आधी हात लावून बघा. आणि आता इथे थांबू नका, जाऊन आईला घेऊन या.”