पिकअप पिकअप घेत नाही

सुताराची पिकअप पिकअप घेत नव्हती. हे वाक्य ऐकलं की समोरचा आधी हसायचा, म्हणून त्याने ते कुणाला सांगायचंच सोडून दिलं होतं. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची. चढ लागला की मात्र पाय पार तळाला टेकवला तरी ती नुसती घोंघावायची आणि मुंगीच्या पावलांनी सरकायची. टेकडीवरच्या नव्या घरात चार दारं पोचवायला तो निघाला तेव्हा हातात पिशवी घेतलेल्या एक बाई चालत चालत गाडीच्या पुढे निघून गेल्या. वर पोचल्यावर फाटक त्यांनीच उघडलं. त्या घराच्या मालकीणबाई होत्या.

हे सगळं शेजारच्या सीटवर बसून सासूबाई बघत होत्या. त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावर जावयाच्या धंद्यात मापं घ्यायचं काम अंगावर घेतलं होतं. जावयाने घेतलेलं माप त्यांना पटत नसे. तेव्हा जिथे पिकअप, तिथे सासूबाई.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री हा त्यांचाच विद्यार्थी, भूमितीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला. पण गाडीच्या बाबतीत माणूस शिस्तीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग गाडी चढावर नेऊन बघायची, हा त्याचा नेम. त्याने एअर फिल्टर बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला. क्लच घसरतोय का ते पाहिलं, चाकं उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे चिकटत नव्हता. दर वेळी तो एकटा चढावर जायचा आणि गाडी हरणासारखी पळायची. दर वेळी दुसऱ्या दिवशी सुतार परत यायचा आणि म्हणायचा, जैसे थे.

चौथ्या खेपेला मिस्त्रीने हात पुसले आणि त्याला खोलात जाऊन विचारलं. रस्ता तोच का? तोच. दारं तेवढीच का? दारं नसली तरी तेच. मग गाडीत आणखी काय असतं? सुताराने सांगितलं. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"गैरसमज करून घेऊ नका," तो शेवटी म्हणाला, "पण दोष बाईंमध्ये आहे."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण असं काही सुताराने मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. त्याने बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, ती माझी आई आहे, तुम्हीच सांगा. मग जेवताना ताटाकडे बघत त्याने सांगितलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "विधान ठीक आहे. सिद्धता कुठे आहे?"

सकाळी सगळे चढाच्या पायथ्याशी जमले. सासूबाईंचं वजन अडुसष्ट किलो. तेवढी वाळू पोत्यात भरून त्यांच्या जागी ठेवली, पट्टा लावला. गाडी झपकन वर गेली. बायकोला बसवलं, गाडी गेली. सासूबाईंना बसवलं, गाडीने मान टाकली. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही असं म्हणून त्यांनी तो आणखी तीनदा करायला लावला आणि वहीत वेळा टिपल्या. मग त्या स्वतःहून मागे हौद्यात जाऊन बसल्या. गाडी वाऱ्यासारखी सुटली.

"म्हणजे वजनाचा प्रश्न नाही," मिस्त्री म्हणाला. "जवळिकीचा असावा."

तिथून पुढचे आठ दिवस सासूबाईंनी हौद्यात खुर्ची टाकून प्रवास केला. दोन उभ्या दारांच्या मध्ये, मांडीवर टेप घेऊन, ताठ. सिग्नलला लोक वळून बघायचे. एकाने तर दार किती उघडतं असं विचारलं, आणि त्यांनी कोनासकट उत्तर दिलं. धंदा वेळेवर चालू लागला होता, पण सुताराला शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघवेना. काही झालं तरी वडीलधारं माणूस. तो मिस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, दोष सापडला हे कबूल, पण तो दुरुस्त करायचा असतो.

मिस्त्रीलाही ते लागलं होतं. त्याने सासूबाईंना मान देऊन परत पुढे बसवलं आणि स्वतः बॅटरी घेऊन त्यांच्या पायांशी, जेमतेम मावेल अशा जागेत, अंगाचं मुटकुळं करून बसला. गाडी चढाला लागली. सुताराने पाय दाबला. त्याच क्षणी सासूबाईंनी दोन्ही पाय पुढे रोवून जोर लावला.

"बाई," खालून आवाज आला, "तुम्ही काय दाबताय?"

"ब्रेक."

"कुणाचा?"

"माझा," त्या म्हणाल्या. यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना.

मग उलगडा झाला. खालची रबरी मॅट या दारापासून त्या दारापर्यंत अखंड होती. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंनीच माप घेऊन ती नवी बसवून घेतली होती, सुताचाही फरक नाही इतकी नेमकी. त्यांनी पाय रोवले की तिला सरकायला जागाच नसे. ती फुगून पलीकडे उचलली जायची आणि तिची घडी बरोब्बर अ‍ॅक्सिलरेटरखाली बसायची. सुताराला वाटायचं पाय तळाला टेकला. तो टेकायचा मॅटवर.

मिस्त्रीने मॅट मधोमध कापली. गाडी चढावर अशी निघाली की सुताराचीच टोपी मागे पडली. पण सासूबाई पांढऱ्या पडल्या होत्या, पाय अधांतरी चाचपडत होते. उतरल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, मला वेगाची फार भीती वाटते. आजवर कुणाला सांगितलं नाही."

मिस्त्रीने भंगारातून ब्रेकचं एक जुनं पेडल शोधलं, स्प्रिंग लावली आणि त्यांच्या बाजूला वेल्डिंग करून पक्कं बसवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि सासूबाईंना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी दाबून पाहिलं आणि थोडं डावीकडे घ्यायला सांगितलं.

आता त्या वळण आलं की दाबतात. खट् आवाज येतो. आणि सुतार, का कोण जाणे, दर वेळी गाडी थोडी हळू करतो.